मानाच्या बोर्डाची चौथी बाजू

वरवट बकालच्या शालिग्राम दाभाडे यांनी, गावच्या विहिरींचे पाणी खारे म्हणून, सातपुड्याच्या पायथ्याहून बैलगाडीने गोडे पाणी आणले आणि चौकात पाणपोई घातली. त्यांचे पुत्र अर्जुनराव यांनी त्या पाणपोईला लागून क्रीडा मंडळ उभारले आणि वडिलांनी हौसेने करवून घेतलेला शिसवी कडांचा कॅरम बोर्ड तिथे मानाने ठेवला. अर्जुनरावांचे पुत्र ज्ञानेश्वर यांनी मंडळावर पत्रे घातले, पंखे बसवले आणि पुढे ऐसपैस ओटा बांधला. एवढ्या कर्तबगार घराण्यात जन्मलेली ज्ञानेश्वरांची कन्या सुचिता, वय वर्षे बारा, हिने या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच ओट्यावर बसून काय केले? एक स्ट्रायकर भिंतीत घुसवला.

"गेला," शिवम म्हणाला.

"कुठी गेला बे?" धम्मरत्नने मान वर केली.

"भिंतीत. अर्धा आत, अर्धा बाहेर. आता तिथंच थरथरून राह्यला. थंडी वाजली वाटते त्याले."

बाहेर मे महिन्याचे ऊन रस्ता भाजून काढत होते. भिंत अर्थातच पडद्यावरची होती. शिवम हा सुचिताच्या मामाचा मुलगा, दहा वर्षांचा, मलकापूरचा. मामांनी आपल्या कापडाच्या दुकानासाठी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना भाचीच्या सुट्टीसाठी देऊन टाकला. त्या लॅपटॉपवर रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून खेळ तयार करता येत असे. सुचिता आणि तिच्याच वर्गातला धम्मरत्न तायडे यांनी कॅरमचा खेळ रचायला घेतला होता. त्याला कारणही तसेच होते. सोळा वर्षांखालील कोणाचाही हात मानाच्या बोर्डाला लागता कामा नये, असा अर्जुनरावांचा, म्हणजे साऱ्या पोरांच्या आबाजींचा, दंडक होता. खरा बोर्ड मिळत नाही तर आपण आपला तयार करू, असे सुचिताने ठरवले. दाभाड्यांच्या घरात एकदा ठरले की ठरले.

तिने पडद्याकडे रोखून पाहिले.

"मी त्याले सांगितलं, की स्ट्रायकरचा मध्य कडेले लागला की मागं फिर. अन् तो तेच करून राह्यला. मध्य कडेवर म्हणजे अर्धं अंग भिंतीत जाईनच ना. स्ट्रायकरच्या पोटाचं माप वजा करावं लागन."

"स्ट्रायकरले पोट असते?" शिवमने विचारले.

"तुले आहे तसं."

माप वजा झाले. स्ट्रायकर आता कडेला बरोबर टेकून परत फिरू लागला. पण कोपऱ्यात गेला की पुन्हा तीच थरथर. धम्मरत्नने बराच वेळ डोके धरून विचार केला. मग त्याने खडूने ओट्यावर एक रेघ मारली आणि तिच्यावर पाय ठेवून उभा राहिला.

"हे पाह्य. मी रेघ ओलांडली. संगणक म्हणते, मागं फिर. मी फिरलो, पण पाऊल छोटं पडलं, अजून रेघेच्या पलीकडेच आहो. तो पुन्हा पाहाते, म्हणते, अरे हा तर बाहेर आहे, फिर मागं. मी पुन्हा बाहेर. असंच चालू."

"आमच्या आबाजीसारखं," सुचिता म्हणाली. "आत ये म्हणतात, आलो की बाहेर खेळा म्हणतात."

"मग करावं काय?"

"आधी त्याले उचलून रेघेच्या आत ठेवायचं. मग दिशा बदलायची."

दोन ठोकळ्यांची जागा बदलली आणि थरथर थांबली. डावी-उजवी कड लागली की आडवा वेग उलटा, वरची-खालची लागली की उभा वेग उलटा. स्ट्रायकर चारी कडांवर डौलात आपटू लागला. तिघेही खूश होऊन पाहत राहिले. पाहता पाहता शिवमला जांभई आली.

"हा थकतच नाही," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "मघापासून फिरून राह्यला. खरा स्ट्रायकर इतका पळते का? मी पण इतका पळत नाही."

पोराचे म्हणणे बिनतोड होते. खरा स्ट्रायकर कडेला आपटला की काही वेग तिथेच सोडून येतो. पण किती सोडतो? अंदाजाने आकडा घालणे सुचिताला पसंत नव्हते. खऱ्या बोर्डावरचा खरा फटका पाहिला पाहिजे, आणि तोही वरून.

"तुझ्याजवळ मागच्या वर्षीच्या फायनलचा व्हिडिओ आहे ना?" तिने धम्मरत्नला विचारले. "लाकडी घोडीवर चढून काढला होता तू. बरोबर बोर्डाच्या डोक्यावरून."

धम्मरत्नने चपला पायात सरकवल्या, पुन्हा काढल्या.

"आहे," तो शेवटी म्हणाला. "पण ताईसमोर लावजो नको."

*

धम्मरत्नची ताई म्हणजे सुवर्णा. तिच्या हातात स्ट्रायकर आला की भल्याभल्यांची बोलती बंद होत असे. समोरच्या कडेवर स्ट्रायकर आपटवून, परत येताना आपल्याकडची सोंगटी अलगद पाकिटात घालावी, तर ती सुवर्णानेच. मागच्या वर्षी ती अंतिम सामन्यात पोहोचली. अंतिम सामना नेहमीच्या रिवाजाप्रमाणे मानाच्या बोर्डावर झाला. समोर गोकुळ होता, गावातला वायरमन, सरळ नेमाचा पक्का खेळाडू. सुवर्णाला फक्त राणी आणि तिच्यामागोमाग कव्हर म्हणून एक सोंगटी घालायची होती. राणी तिच्याच बाजूला पाकिटाजवळ होती. तिचा हातखंडा फटका. तिने स्ट्रायकर समोरच्या कडेवर मारला आणि तो राणीपासून बोटभर अंतरावरून निघून गेला. गोकुळ जिंकला. पंच अर्जुनरावांनी माईक हातात घेऊन सगळ्या गावासमोर सांगितले, "पोरगी हुशार आहे, पण ऐन वेळी घाबरली."

त्या एका वाक्याने घात केला. पिठाच्या गिरणीवर, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी कोणीतरी हसून म्हणे, काय सुवर्णा, घाबरली का? सुवर्णाने स्ट्रायकर डब्यात घातला आणि डबा माळ्यावर टाकला. या वर्षीची स्पर्धा तोंडावर आली होती, जिंकणाऱ्याला जिल्ह्याला पाठवणार होते, आणि तिने नाव दिले नव्हते.

तायड्यांच्या घरी दुपारी कोणी नव्हते. आई सिंधूताई अंगणवाडीच्या बैठकीला गेल्या होत्या. मुलांनी व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला, पडद्यावर बटरपेपर चिकटवला आणि चित्र थोडे थोडे पुढे सरकवत, स्ट्रायकर दिसेल तिथे पेनाने ठिपका द्यायला सुरुवात केली. ठिपके जोडले की वाट दिसे. जवळजवळचे ठिपके म्हणजे हळू चाल, लांबलांबचे म्हणजे जोरात. गोकुळचे फटके, सुवर्णाचे फटके, एकामागून एक कागदावर उमटत गेले.

"हा शेवटचा," धम्मरत्न हळूच म्हणाला.

"लावा," मागून आवाज आला.

दारात सुवर्णा उभी होती, कडेवर पाण्याची कळशी. धम्मरत्नने लॅपटॉप झाकायला हात पुढे केला.

"राहू दे. मीही वर्षभर मनात तोच पाहून राह्यली." तिने कळशी खाली ठेवली आणि ती मुलांच्या मागे उकिडवी बसली. स्ट्रायकर पुन्हा गेला, समोरच्या कडेवर आपटला आणि राणीला चुकवून गेला.

"नेम तर बरोबर दिसते, सुवर्णाताई," सुचिता म्हणाली.

"मलेही तेव्हा बरोबरच वाटला होता." सुवर्णाने पदराने कपाळ टिपले. "पण सगळे म्हणतात तर घाबरली असन. आपला हात कापला का नाही, हे आपल्याले कुठी समजते? आता तर स्ट्रायकर हातात घेतला की खरंच कापते."

ती कळशी उचलून आत गेली.

मग सुचिताने बटरपेपर उचलून उजेडाकडे धरला. तिची नजर ठिपक्यांवरून फिरत फिरत एका जागी थांबली.

"धम्मा, इकडे ये. डावी कड पाह्य. जितका तिरपा गेला तितकाच तिरपा आला. वेग थोडाच कमी झाला. उजवी, तशीच. सुवर्णाताईच्या बाजूची, तशीच. अन् ही समोरची?"

समोरच्या कडेवर आपटलेल्या प्रत्येक फटक्याची वाट वेगळी होती. ठिपके एकदम दाटीवाटीने आले होते, आणि परतीची रेघ ऐटीत वर येण्याऐवजी कडेच्या अंगाने लोळत गेली होती. सुवर्णाचे तसे दोन फटके होते आणि गोकुळचा एक, तोही चुकलेला.

"गोकुळदादाही घाबरला होता का मग?" शिवमने विचारले.

सुचिताने लॅपटॉप पुढे ओढला. तीन कडांवरून मिळालेला आकडा तिने आपल्या खेळात घातला. कडेला आपटताना फक्त कडेकडे जाणारा वेग कमी करायचा, कडेलगत धावणारा तसाच ठेवायचा. मग सुवर्णाचा शेवटचा फटका, त्याच जागेवरून, त्याच दिशेने सोडला. पडद्यावरचा स्ट्रायकर समोर आपटला, परत आला आणि राणी पाकिटात गेली.

"आपलंच काही चुकलं असन," धम्मरत्न घाईने म्हणाला. त्याला आशा धरायची भीती वाटत होती.

"म्हणून तर उलटं करून पाहू." तिने समोरच्या कडेचे ठोकळे सुवर्णाच्या बाजूला लावले आणि तिथले समोर आणले. काहीच फरक पडला नाही, राणी गेलीच. ठोकळे निर्दोष होते. मग तिने एकट्या समोरच्या कडेचा आकडा कमी केला, आणखी कमी केला, आणि फटका पुन्हा सोडला. स्ट्रायकर कडेवर आपटला, मलूल झाला, कडेकडेने घसरला आणि राणीपासून बोटभर अंतरावरून निघून गेला. व्हिडिओतल्यासारखाच. बटरपेपर वर धरला तर ठिपक्यावर ठिपका बसला.

"आपला खेळ बरोबर आहे," सुचिता सावकाश म्हणाली. "बोर्ड चुकला."

धम्मरत्नने आतल्या खोलीकडे पाहिले. "ताईले सांगू?"

"आत्ता नको. आधी बोर्ड पाहू. खात्री नसताना आशा लावणं बरं नाही."

*

मानाचा बोर्ड कुठे असतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. उन्हाळ्यात तो मंडळात नसे, पाणपोईत असे. रांजणाला पश्चिमेचे ऊन लागू नये म्हणून अर्जुनरावांच्या आज्ञेने तो रांजणाला आडोसा करून उभा ठेवत. वडिलांनी घातलेली पाणपोई, वडिलांनी करवलेला बोर्ड; एकाने दुसऱ्याची राखण करावी, यात त्यांना शोभा वाटे. स्पर्धा आली की तो उचलायचा, पुसायचा आणि पावडर टाकून खेळायला घ्यायचा.

राखणीला मंडळाचे चिटणीस देवानंदकाका असत. जेवण झाले की ते खुर्चीत बसत, दुपट्टा तोंडावर घेत आणि वामकुक्षीत बुडून जात. पण बोर्डाला कोणी बोट जरी लावले, तरी त्यांना कशी कोण जाणे जाग येई.

"शिवम," सुचिताने हुकूम सोडला, "तुले तहान लागली."

"मी तर आत्ताच ताक प्यालो."

"तरी लागली. अन् देवानंदकाकांच्या हातचंच पाणी पाहिजे तुले."

शिवम पुढे झाला. "देवानंदकाका, पाणी."

दुपट्ट्याखालून हुंकार आला. "घे ना बे आपल्या हातानं."

"हात खराब आहेत. आबाजी म्हणतात, खराब हात रांजणात घालू नये."

आबाजींचे नाव निघाल्यावर देवानंदकाकांना उठणे भाग पडले. त्यांनी ओगराळ्याने पेला भरून दिला. शिवमने तो आणि मागून घेतलेले आणखी दोन पेले घोट घोट पीत, रस्त्याकडे तोंड करून मलकापूरच्या रेल्वे फाटकाची एक लांबलचक हकिकत सुरू केली. देवानंदकाकांची पाठ बोर्डाकडे झाली. सुचिता आणि धम्मरत्न वाकून रांजणामागे गेले.

रांजण वाळूच्या ओट्यावर बसवलेला होता, आणि पाणी गार राहावे म्हणून वाळू रोज भिजवली जाई. बोर्डाची खालची कड त्याच ओल्या वाळूत रुतलेली होती. सुचिताने बोटाच्या सांध्याने वरच्या कडेवर टकटक केले. टणक आवाज आला. डावीवर, उजवीवर तसाच. मग वाळू बाजूला करून तिने खालच्या कडेवर टकटक केले. भरताचे वांगे ठोकावे तसा आवाज आला.

"हे काय आहे?" धम्मरत्नने त्या कडेवरून बोट फिरवले. कडेच्या अंगाला बोटाएवढ्या उंचीवर पांढरी रेघ उमटली होती. त्याने बोट जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. "मीठ."

सुचिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोडे पाणी लांबून येते म्हणून ते वाळूवर ओतायचे नाही, वाळूला विहिरीचे खारे पाणी घालायचे, हीसुद्धा आबाजींचीच शिस्त. वर्षानुवर्षे ते खारे पाणी त्या एकाच कडेत मुरत होते. वरचे पॉलिश तेवढे शाबूत होते, आतून लाकूड भुसभुशीत झाले होते. मिठामुळे पावसाळ्यानंतरही ते कोरडे होत नव्हते. आणि खुणेची फुले कोरलेली बाजू नेहमी वर राहावी म्हणून, दर वर्षी तीच कड खाली ठेवली जात होती. व्हिडिओत ती फुले सुवर्णाच्या बाजूला होती; म्हणजे तिच्या समोरची कड हीच.

"काय चाललं रे तिथं?" देवानंदकाकांचा आवाज कडाडला.

"पळा," म्हणत शिवमने पेला ठेवला. पण तीन पेले पाणी आणि वर ताक पोटात असल्यामुळे तो पळू शकला नाही. तो सापडला. सुचिता मात्र पळाली नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, चला आमच्यासंगं आबाजीकडे. तुम्ही नेणारच ना? आम्हीच येतो."

*

अर्जुनराव पडवीत झोपाळ्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. देवानंदकाकांनी तक्रार मांडली. अर्जुनरावांनी नातीकडे पाहिले.

"माह्या बोर्डाले हात लावला?"

"लावला, आबाजी. शिक्षा काय करायची ते करा. पण आधी आमच्या खेळात एक डाव खेळा. तुमच्यासारखा नेम गावात कोणाचा नाही, म्हणून आम्ही थांबलो आहोत. खेळ बरोबर जमला का नाही, ते तुम्हीच सांगू शकता."

स्तुतीला अर्जुनराव कधी भुलत नसत, असे ते स्वतः सांगत. त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि चष्मा लावला. पडद्यावर बोर्ड होता, राणी खेळणाऱ्याच्या बाजूला पाकिटाजवळ होती. कोणती कळ दाबली की नेम वळतो, ते धम्मरत्नने दाखवले. अर्जुनरावांनी सावकाश नेम धरला. स्ट्रायकर समोर आपटून परत आला आणि राणी पाकिटात गेली.

"याले म्हणतात खेळणं," ते म्हणाले. "देवानंद, पाह्यलं?"

"आता हा दुसरा बोर्ड, आबाजी. सोंगट्या त्याच, फटका तोच."

दुसरा बोर्ड दिसायला हुबेहूब पहिल्यासारखा होता. अर्जुनरावांनी तोच फटका मारला. राणी जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा तेच. शिवम गालातल्या गालात हसला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याचे हसू गळ्यातच अडकले. त्यांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा मारला. स्ट्रायकर राणीला बोटभर चुकवून गेला.

"तुह्या यंत्रात खोट आहे."

"कोण्या बाजूले, आबाजी?"

"समोरच्या. तिथं लागला की मरून जाते अन् कडेकडेनं घसरते. अशा बोर्डावर कोणाची राणी जाईन?"

"म्हणजे दोष तुमचा नाही?"

"माहा काऊन? कडेचा दोष. यात इचारायचं काय आहे?"

सुचिताने व्हिडिओ लावला. सुवर्णाचा हात, सुवर्णाचा स्ट्रायकर, समोरची कड. बोटभर अंतर. आणि मग त्याच व्हिडिओत, बाजूला कुठेतरी, माईकवरून अर्जुनरावांचा स्वतःचा आवाज: पोरगी हुशार आहे, पण ऐन वेळी घाबरली.

झोपाळ्याची कडी करकरायची थांबली. अर्जुनरावांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग ते उठले आणि पाणपोईकडे चालू लागले. त्यांनी स्वतः बोर्ड वाळूतून वर ओढला, कड ठोकून पाहिली, पांढरी रेघ नखाने खरवडली. लाकडाचा भुसा त्यांच्या नखात आला.

"इथं कोणी ठेवला हा?" ते गरजले.

देवानंदकाका दुपट्ट्याशी चाळा करू लागले. "तुम्हीच सांगितलं होतं, आबाजी. रांजणाले ऊन लागू देऊ नका म्हणून."

"अन् खारं पाणी?"

"तेही तुम्हीच."

सुचिताला वाटले, आता ओरडा बसणार. पण ते धम्मरत्नकडे वळले.

"ताई घरी आहे का तुही?"

"हाव, आबाजी."

"चल मग."

"आबाजी, ऊन फार आहे. तिले बोलावून आणतो."

"बोलावणं तिचं नाही, जाणं माहं आहे," अर्जुनराव म्हणाले आणि उघड्या डोक्याने उन्हात उतरले.

*

तायड्यांच्या दारात त्यांनी बसायलाही नकार दिला. झाले ते सगळे त्यांनी उभ्यानेच सांगितले. सुवर्णा भिंतीला टेकून ऐकत होती.

"मले नाही खेळायचं, आबाजी," ती म्हणाली. "आता हातच चालत नाही माहा."

"स्पर्धा नको खेळू. पण जो फटका आम्ही खराब केला, तो तुहं येणं आहे आमच्याकडे. तेवढा घेऊन जा."

सुवर्णाने माळ्याकडे पाहिले आणि धम्मरत्नला म्हणाली, "शिडी लाव."

संग्रामपूरहून आणलेल्या सुताराने बोर्डाला शिसवाची नवी कड बसवली. ती बरोबर बसली की नाही, हे सांगायचे काम अर्जुनरावांनी तिघा मुलांवर सोपवले, आणि सोळा वर्षांचा दंडक तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. मुलांनी घोडीवर चढून फटके टिपले, बटरपेपरवर ठिपके दिले. चौथ्या कडेच्या वाटा इतर तिन्हींसारख्या सरळ निघाल्या. तो फटका सुवर्णाला पुन्हा खेळू द्यायचा का, असे गोकुळला विचारले, तेव्हा तो वायरीची गुंडाळी खांद्यावर घेऊन खांबावर चढत होता.

"मलेही त्या दिवशी नवल वाटलं होतं," तो वरूनच म्हणाला. "इतका सोपा फटका इचा चुकला कसा? लावा सोंगट्या तशाच. राणी अन् कव्हर दोन्ही गेलं, तर सामना तिचा. बक्षिसाची ढाल माह्या घरी टीव्हीमागं पडून आहे, जाळी लागलीत तिले."

स्पर्धेच्या पहिल्या संध्याकाळी मंडळ माणसांनी भरून गेले. ओट्यावर, खिडक्यांत, पाणपोईच्या कट्ट्यावर माणसेच माणसे. सुचिताने व्हिडिओ पाहून मागच्या वर्षीची प्रत्येक सोंगटी जागेवर ठेवली. धम्मरत्न पुन्हा घोडीवर चढला. शिवमला पावडर टाकण्याचा मान मिळाला आणि त्याने ती स्वतःच्या केसांतही टाकून घेतली.

सुवर्णा बसली. तिने स्ट्रायकर ठेवला, आणि सुचिताला तिची बोटे स्पष्ट दिसली. ती थरथरत होती. सुवर्णाने हात मागे घेतला. गर्दीत कोणीतरी खाकरले. सुचिता खाली वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "सुवर्णाताई, कड आता परत देते. तू फक्त पाठव."

सुवर्णाने श्वास सोडला. स्ट्रायकर सुटला, समोरच्या कडेवर खणकन आपटला, ऐटीत परत फिरला आणि राणी पाकिटात पडल्याचा आवाज सगळ्या मंडळाने ऐकला.

एकच गलका झाला. धम्मरत्न घोडीवरून पडता पडता राहिला. अर्जुनराव माईककडे हात नेत उठू लागले.

"बसा, आबाजी," सुवर्णा बोर्डावरची नजर न काढता म्हणाली. "कव्हर राह्यलं अजून."

अर्जुनराव बसले. शेवटची सोंगटी कोपऱ्यापासून दूर, अवघड जागी होती. सुवर्णाचे बोट आता दगडासारखे स्थिर होते. तिने सरळ नेम धरला आणि सोंगटी राणीच्या मागोमाग गेली.

गोकुळ उठला, काखेतली ढाल त्याने बाहीने पुसली आणि सुवर्णाच्या मांडीवर ठेवली. "घे. टीव्ही आता भिंतीले टेकवता येईन," तो म्हणाला आणि सगळ्यांत आधी त्यानेच टाळी वाजवली.

मग अर्जुनराव माईकसमोर उभे राहिले. त्यांनी तिघा मुलांना पुढे बोलावले.

"मी या बोर्डावर जन्म घालवला, पण त्याची एक बाजू मेली ते मले दिसलं नाही. या पोरांनी खोटा बोर्ड खरा करता करता खऱ्या बोर्डाची खोट पकडली. माणूस चुकला म्हणायच्या आधी त्यांनी आपलं काम तपासलं, मग बोर्ड तपासला. मी एकही तपासलं नाही. आजपासून हा बोर्ड यांच्याही हातात राहीन, वयाची अट नाही." शिवमने केसांतली पावडर झटकली आणि छाती पुढे काढली.

अर्जुनराव थांबले. त्यांनी सुवर्णाकडे पाहिले आणि आवाज चढवला, शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल असा.

"अन् मागच्या वर्षी, याच जागेवरून, मी एक वाक्य बोललो होतो. तितक्याच लोकांसमोर ते मागं घेतो. सुवर्णा तायडे घाबरली नव्हती. चूक माही होती."

सुवर्णा उठली. ढाल धम्मरत्नच्या हातात देऊन ती वाकली आणि अर्जुनरावांना नमस्कार केला.

"फिटलं, आबाजी," ती म्हणाली. "सगळं फिटलं."